नाही म्हणायला

थंडी संपता संपता मिस्त्री कामावरच बसल्या जागी कलंडला. समोर विटांचा थर अर्धा लावलेला होता. मिस्तरीण खालून मालाचं घमेलं वर देत होती. वरून हात आला नाही म्हणून तिनं मान वर केली, तर नवरा भिंतीला गाल टेकून बसला होता आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. आधी तिला वाटलं, डुलकी लागली असेल. तीस वर्षांत त्याला परांचीवर कधी डुलकी लागली नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

सतरा दिवस दवाखान्यात काढून तो घरी आला. उजवा हात आणि उजवा पाय दुसऱ्याचं सामान ओढून न्यावं तसे ओढत आला. तोंडात एकच शब्द उरला होता. हो.

पाणी हवं का, हो. नको का, हो. सगळं कळत होतं त्याला. उन्हात कपडे वाळत घातलेले विसरले तर तो दोरीकडे बोट करायचा, धाकटीनं चुलीवर ठेवलेलं दूध उतू जायला लागलं तर काठी आपटायचा. पण तोंड उघडलं की हो. कधी कधी ते त्याच्याच कानांना चुकीचं लागायचं. मग तो कपाळावर आठ्या घालून पुन्हा सुरुवात करायचा, ओठ जुळवायचा, मानेच्या शिरा फुगायच्या, आणि शेवटी बाहेर पडायचं तेच. हो.

थोरली लेक लग्न होऊन लांब गेलेली. घरात आता तिघंच, मिस्त्री, मिस्तरीण आणि सतरा वर्षांची धाकटी. मिस्तरीण आठव्या दिवशी कामावर गेली. मिस्त्रीच्या हाताखाली बारा वर्षं काढलेल्या लांब्यानं आता स्वतःची टोळी केली होती आणि लोक त्याला मिस्त्री म्हणायला लागले होते. मिस्तरीण मात्र लांब्याच म्हणायची. तो तिला काकू म्हणायचा आणि घमेलं भरताना मुद्दाम कमी भरायला सांगायचा. ते तिला टोचायचं.

मिस्त्री दिवसभर ओट्यावर बसलेला असे. न्हावी येता जाता थांबायचा. "काय मिस्त्री, बायको मारते का?" "हो." हसणं. "आणि तुम्हाला आवडतं?" "हो." पुन्हा हसणं. मिस्त्रीही हसायचा, अर्ध्याच तोंडानं, कारण दुसरं काय करणार. एक दिवस मिस्तरीण घरी आली तर खुंटीवरची मिस्त्रीच्या बांधकामाची करणी, थापी आणि ओळंबा नव्हते.

"कुणी नेले?"

मिस्त्रीनं मान खाली घातली.

"लांब्यादादा आला होता," धाकटी म्हणाली. "नेऊ का म्हणाला. बाबा हो म्हणाले."

दुसऱ्या दिवशी कामावर मिस्तरिणीनं ती करणी लांब्याच्या हातात बघितली. लाकडी मुठीला तिच्या नवऱ्याच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता. ती खाली वाकून माल कालवत राहिली.

मग पाणी आटायला लागलं. ओढा आधीच कोरडा पडला होता. वरच्या आळीतल्या दोन विहिरी तळाला लागल्या. घरांची कामं एकामागून एक बंद पडायला लागली, कारण पाण्याशिवाय माल कालवता येत नाही. मिस्त्रीच्या घरामागे अकरा पावलं रुंदीची एक पट्टी होती आणि त्या पट्टीत त्यानं स्वतः खणून, स्वतः बांधून काढलेली विहीर. त्या विहिरीला मात्र अजून कमरेइतकं पाणी होतं. पट्टी मिळाली होती चुलत्याकडून. मिस्त्रीनं आपला रस्त्याकडचा तुकडा चुलत्याला दिला आणि चुलत्यानं ही पट्टी याला दिली. दोघं ओट्यावर बसून बोलले, पाणी प्यायले, झालं. कागद केला नाही. घरातल्या घरात कागद कसला करायचा, असं तेव्हा चुलता म्हणाला होता. तो आता नव्हता. त्याचा मुलगा रस्त्याकडच्या तुकड्यावर रोपं विकायचा. सगळे त्याला रोपवाला म्हणत.

रोपवाला माणूस वाईट नव्हता. मिस्त्री पडला तेव्हा दवाखान्यात त्यानंच गाडीतून नेलं होतं. पण चार हजार रोपं पिशव्यांत माना टाकून उभी होती आणि विहीर भिंतीपलीकडे दिसत होती. एका दुपारी मिस्तरीण कामावर असताना तो ओट्यावर येऊन बसला.

"दादा, मागची पट्टी आमच्या बाबांचीच ना? तुम्हाला नुसती वापरायला दिली होती ना?"

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं. ओठ जुळवले. "हो."

रोपवाल्यानं पट्टीसाठी अर्ज केला आणि महिन्याभरात मोजणीचा कारकून आला. काखेत फाईल, पायांत धूळभरले बूट, सज्जन चेहरा. जुन्या नोंदीत पट्टी चुलत्याच्या नावावर होती. रस्त्याकडचा तुकडाही घरातला थोरला म्हणून चुलत्याच्याच नावावर लागलेला होता आणि अदलाबदल कुठे लिहिलेली नव्हती. "दोन्हीकडचं तोंडी आहे," तो म्हणाला. "म्हणजे ज्यांच्यात बोलणं झालं त्यांचा जबाब लागतो. एक वारले. दुसरे हे."

"मी सांगते की," मिस्तरीण म्हणाली. "मी तिथंच होते. मीच पाणी दिलं दोघांना."

"बाई, तुम्ही घरच्या. तुमचं कसं धरणार?"

"ते सगळ्यालाच हो म्हणतात, साहेब," धाकटी म्हणाली.

कारकुनानं मिस्त्रीकडे वळून विचारलं, "आजोबा, आत्ता दिवस आहे का?"

"हो."

"आत्ता रात्र आहे का?"

"हो," मिस्त्री म्हणाला आणि त्याचे डोळे भरले.

कारकुनानं फाईल मिटली. "असा जबाब घेता येत नाही. यांच्या बाजूनंही नाही आणि यांच्या विरुद्धही नाही. मी सहा आठवड्यांनी येतो. तोवर निदान नाही म्हणायला तरी शिकवा त्यांना. नाहीतर मग आहे त्या नोंदीप्रमाणे होईल."

गावात शिकवायची जागा एकच होती. धान्याचं जुनं गोदाम. तिथे वर्ग चालायचा. दारावर पाटी होती, वय वर्षे चार ते शंभर. सकाळी लहान मुलांची अक्षरं, दुपारी बायकांचं शिवण आणि वाचन, संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाप्यांसाठी हिशेब आणि अर्ज लिहिणं, शनिवारी चित्रं आणि गाणी. म्हातारी माणसं हात वर करून खाली करायचा व्यायामही करायची. हे सगळं एकच बाई बघायची. तिशीची होती, पण शाळेतल्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. धाकटी तिच्याकडेच शिवण शिकली होती.

"हे मला कुणी शिकवलेलं नाही," ताईनं मिस्तरिणीला सरळ सांगितलं. "मी मुलांना अक्षरं शिकवते, बायकांना कात्री धरायला शिकवते. गेलेलं बोलणं परत कसं आणतात ते मला माहीत नाही."

"माहीत असलेलं कुणी आहे का?"

"शहरात आहेत. दवाखान्यात, दर गुरुवारी."

"दोन गुरुवार गेलो. एकदा दाराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा म्हणाले, वर्षभर दर आठवड्याला आणा. तीन तास जायला, तीन तास यायला. त्यांना बसमध्ये चढवायला दोन माणसं लागतात, ताई."

ताईनं हातातला खडू खाली ठेवला. "मग उद्यापासून बसवा इथं," ती म्हणाली. "सकाळी, मुलांच्यात. दुसरं काही सुचत नाही मला."

मिस्त्रीला सकाळी नेऊन बसवायचं काम धाकटीकडे आलं. गोदामाची फरशी त्यानंच बसवलेली होती. त्याच फरशीवर तो भिंतीला टेकून, वाकडा पाय पुढे करून बसला. आजूबाजूला पाच-सहा वर्षांची मुलं. पहिल्या दिवशी मुलं त्याच्याकडेच बघत राहिली. एकीनं विचारलं, "आजोबा नापास झाले का?" ताई म्हणाली, "त्यांचे शब्द हरवलेत. आपण शोधायचे." मुलांना ते पटलं. ती फळा, पाटी, खिडकी असं एकेका वस्तूला हात लावून त्याच्या कानात ओरडायला लागली, जणू तो बहिरा होता. तो डावा तळवा फरशीच्या सांध्यांवरून फिरवत मान खाली घालून ऐकायचा. बाहेरून जाणारी माणसं खिडकीशी थांबायची. न्हावीही थांबला. ताईनं उठून खिडकी लावून घेतली. मग उकडायचं.

तीन आठवडे काहीच झालं नाही. ताईनं दोन पत्रे रंगवले, एकावर हो, एकावर नाही. त्याचा डावा हात जवळ असेल त्या पत्र्यावर जायचा. आरशासमोर बसवून ती जीभ टाळ्याला लावून दाखवायची, न, न, न. मिस्त्रीची जीभ तोंडात जड पडून राहायची. घाम फुटायचा. एकदा त्यानं डाव्या हातानं आरसा ढकलून दिला. फुटला नाही, पण मुलं घाबरून गप्प झाली. ताईनं त्या दिवशी वर्ग लवकर सोडला आणि पायरीवर एकटीच बसून राहिली.

शेवटी जमवलं ते दाईआजीनं. सत्तरीची म्हातारी. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातची, धाकटीचंही. या वयात ती अक्षरं शिकायला यायची. वर गेल्यावर अंगठा लावायला सांगितला तर लाज जाईल, म्हणायची. दुपारचा वर्ग सोडून एक दिवस ती सकाळीच आली आणि मिस्त्रीसमोर फतकल मारून बसली.

"हा तपकिरीला लहानपणापासून भितो," ती ताईला म्हणाली. "याच्या आईच्या मांडीवर शिंकून शिंकून निळा झाला होता." तिनं डबी उघडली, चिमूट घेतली. "घेतोस का रे?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

"हो म्हणालास, आता घे." आणि तिनं चिमूट त्याच्या नाकाशी नेली. तो अकरा वेळा शिंकला. मुलांनी मोजलं. डोळ्यांतून, नाकातून पाणी. मुलं हसून लोळली. ताई म्हणाली, "आजी, असं नका करू." "तू तुझे पत्रे रंगव," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी डबी उघडताच मिस्त्रीनं तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी त्यानं तिचं मनगट डाव्या हातानं धरलं, सगळा चेहरा गोळा केला, आणि नाकातून, पोटातून, कुठून तरी लांबून काढावा तसा आवाज काढला.

"न्न. ही."

म्हातारीनं डबी मिटली. मुलांपैकी कुणी तरी टाळी वाजवली. मिस्त्री इकडेतिकडे बघत होता, दुसऱ्याच कुणी बोललं की काय तसा.

त्यानंतर ते रोज जमलं असं नाही. दहात चारदा जमायचं, चांगल्या सकाळी सहादा. मिस्तरीण संध्याकाळी कामावरून आली की हात धुवायच्या आधी विचारायची, "अहो, आत्ता सकाळ आहे का?" आणि वाट बघत उभी राहायची, हातांवरचं सिमेंट वाळत जाईपर्यंत. कधी हो. कधी, बऱ्याच वेळानं, नाही. नाही आलं की ती त्याच्या ताटात आधी वाढायची. हो आलं तरी आधीच वाढायची.

कारकून ठरल्या दिवशी एका शिपायाला घेऊन आला. विहिरीच्या कठड्याजवळ खुर्ची टाकली. रोपवाला भिंतीशी उभा राहिला, मिस्तरिणीकडे न बघता. ताई मुलांना सोडून आली होती. दाईआजी कठड्यावर बसली. न्हावी आणि आणखी आठ-दहा माणसं होती. बोलावलं कुणाला नव्हतं. लांब्यानंही काम थांबवलं होतं आणि तो मागे उभा होता.

ताई कारकुनाला म्हणाली, "साहेब, एक विनंती. प्रश्न छोटा विचारा आणि उत्तराला वेळ द्या. आणि माणसं थोडी मागं सरकवा. गर्दीत त्यांना जमत नाही."

माणसं दोन पावलं मागे सरकली आणि पुन्हा पुढे आली.

"आजोबा," कारकून म्हणाला, "आत्ता रात्र आहे का?"

मिस्त्रीनं आकाशाकडे बघितलं. ऊन डोक्यावर होतं. त्यानं डोळे मिटले. मिस्तरिणीनं पदराचं टोक मुठीत धरलं. रहाटाची दोरी वाऱ्यानं हलत होती तेवढीच. मिस्त्रीच्या मानेच्या शिरा वर आल्या.

"नाही," तो म्हणाला. स्वच्छ, दोन्ही अक्षरं.

कुणीतरी "वा" म्हणालं. धाकटी रडायलाच लागली. न्हाव्यानंही मान हलवली. कारकुनाला बरं वाटलं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. "शाबास," तो म्हणाला. "म्हणजे आता यांना हो आणि नाही दोन्ही येतं. सगळ्यांनी ऐकलं. लिहून घेतो तसं." त्यानं लिहिलं. मग छापील कागद वर धरून वाचलं. "सदर जागा अर्जदाराच्या वडिलांनी मला केवळ वापरण्यासाठी दिली होती, तिच्यावर माझा मालकीहक्क नाही, हे मला मान्य आहे. आजोबा, हे मान्य आहे?"

वाक्य लांब होतं. मिस्त्री ते ऐकता ऐकता कुठेतरी मागे राहिला. लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"हो," तो म्हणाला.

आणि लगेच त्याचा चेहरा बदलला. त्यानं मान जोरानं हलवली, पण ती वरखाली हलली. तो डाव्या हातानं काठी जमिनीवर आपटायला लागला. "हो. हो. हो." प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं.

"त्यांना नाही म्हणायचंय," मिस्तरीण म्हणाली. "साहेब, बघा तरी त्यांच्याकडं. नाही म्हणतायत ते."

"चारदा हो म्हणाले, बाई."

"वाक्य छोटं करा," ताई म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला. पुन्हा विचारा."

कारकून चांगला होता. त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. मिस्त्रीच्या तोंडाला फेस आला, पण दुसरा शब्द आला नाही. कारकुनानं टोपी काढून डोकं पुसलं. "मागच्या वेळी मी हा जबाब घेतला नव्हता," तो खालच्या आवाजात ताईला म्हणाला. "त्यांना नाही म्हणता येत नव्हतं म्हणून. आता येतं. आत्ता, माझ्यासमोर, म्हणाले ते. मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे आली. मिस्त्रीनं डावा हात पाठीमागे नेला, मूठ घट्ट वळून. पण उजवा मांडीवर पडून होता, कारकुनाच्याच बाजूला. शिपायानं तो उचलला. हातानं विरोध केला नाही. त्या हातानं तीस वर्षं घरं बांधली होती, आता तो नुसता उचलला गेला, अंगठा शाईत बुडाला, कागदावर टेकला आणि परत मांडीवर ठेवला गेला. मिस्त्री आपल्या त्या हाताकडे बघत राहिला.

माणसं पांगली. रोपवाला जाता जाता थांबला. "वहिनी, पाणी न्या की तुम्ही. रोज दोन घागरी न्या. मी कुठं नाही म्हणतोय."

मिस्तरीण म्हणाली, "बरं, भाऊजी."

ताई संध्याकाळी घरी आली. ओट्याखालीच उभी राहिली. "मी शिकवलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. मिस्तरिणीला तिचं सांत्वन करायची ताकद नव्हती. "नोंदीप्रमाणं गेलीच असती, ताई. आज नाही तर उद्या," एवढंच ती म्हणाली. ते खरं होतं की नाही, दोघींनाही माहीत नव्हतं.

चार दिवसांनी लांब्या आला. तो पायानं माती उकरत उभा राहिला. "काकू, उद्यापासून मागं भिंत घालायची आहे. पट्टीच्या कडेनं. गावात पाणी असलेलं काम तेवढं एकच आहे. तुम्हाला नको असेल तर सांगा, मी दुसरी बाई बघतो. मी वाईट मानणार नाही."

मिस्तरिणीनं चुलीकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. "किती वाजता यायचं?" तिनं विचारलं.

भिंत त्यांच्या मागच्या दारापासून चार हातांवर होती. पाया एका दिवसात झाला. दुसऱ्या दिवशी थर चढायला लागले. पाणी विहिरीतूनच शेंदायचं, माल विहिरीशेजारीच कालवायचा. मिस्तरीण घमेलं भरायची, डोक्यावर घ्यायची, सहा पावलं चालायची, वर द्यायची. सकाळी धाकटी त्याला वर्गात न्यायला निघाली तेव्हा मिस्त्रीनं काठी टाकली आणि तो गेला नाही. त्यानं मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसायचं ठरवलं होतं. तिथून त्याला भिंत दिसत होती आणि भिंतीला माल पुरवणारी बायकोही दिसत होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. दुपारपर्यंत भिंत गुडघ्याइतकी झाली, मग कमरेइतकी. विहिरीचा कठडा आधी अर्धा झाकला गेला आणि मग सगळाच.

तेव्हा तो बोलला.

"नाही."

मोठ्यानं नाही, पण स्वच्छ. लांब्याचा हात विटेवर थांबला. माल कालवणारी दोन माणसं थांबली. मिस्तरीण भरलं घमेलं डोक्यावर घेऊन मध्येच उभी होती.

"नाही," मिस्त्री पुन्हा म्हणाला. "नाही. नाही." शब्द आता अडत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

लांब्या भिंतीपलीकडून वाकला. "काय म्हणतायत, काकू?"

मिस्तरिणीच्या मानेवर ओल्या मालाचं पाणी ओघळत होतं. तिनं घमेल्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"काही नाही," ती म्हणाली. "घे, माल घे." आणि तिनं घमेलं वर केलं.